दुसऱ्या बाजूला पेशंटनं बोलायचं

दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममधल्या जुन्या फायली दर काही वर्षांनी पोत्यात भरून जायच्या. किस्से मात्र कुणी नेले नाहीत. ते तिथेच साठत गेले आणि मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या मागोमाग घरी आले. रविवारी देवळाच्या कट्ट्यावर आम्ही चार म्हातारे बसतो, तेव्हा कुणीतरी म्हणतंच, "अण्णा, तो कोंबड्याचा सांगा!" पण मी बोलतो सावकाश. कोंबडा येईपर्यंत एकाची बस येते. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही कानडी शाळेत. मराठी घरातली. अक्षरं वडिलांनी पाटीवर गिरवून घेतली. आमचं घराणं बेंगळुरात किती पिढ्यांपासून आहे, ते वडिलांनाही ठाऊक नव्हतं. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

मी जुन्या शहरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात अटेंडर होतो. तिथे फक्त शुगरचे पेशंट यायचे. वसुधा मॅडम डॉक्टर, फिलोमिना सिस्टर नर्स आणि मी. सगळे मला अण्णाच म्हणायचे. मॅडम बोलायच्या कानडी, मी त्यांचं इथे मराठीत सांगतोय.

नव्वद साल उलटून गेलं होतं. आमच्या गल्लीत तेव्हा दोन घरांत फोन होते. अशा वेळी आमच्या दवाखान्यात कॉम्प्युटर आला!

* * *

तो आणला जोगळेकर साहेबांनी. मूळचे पुण्याचे, इथे एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर. त्यांची आई शुगरनं गेली होती. चार डॉक्टर झाले आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं, ही त्यांच्या मनातली सल. दर शनिवारी स्कूटरवरून यायचे, फुकट काम करायचे. म्हणायचे, "अण्णा, सिंपल आहे हो! ज्याचं दुखणं, त्याच्या हातात त्याचा कागद पाहिजे."

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं. आत प्रिंटर करकरत चालायचा आणि दोन्ही कडांना भोकं असलेला लांबलचक कागद बाहेर यायचा. त्यावर पेशंटचं नाव, शुगर, गोळ्या, सगळं. कागद घरी न्यायचा, पुढच्या वेळी आणायचा, दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर त्यालाही दाखवायचा.

आनेकलहून एक शेतकरी यायचे, मुनियप्पा. पुढच्या महिन्यात ते हात हलवत आले.

साहेबांनी विचारलं, "कागद कुठाय?" मी ते मुनियप्पांना कानडीत विचारलं.

"घरी आहे. काच लावून फ्रेम केलाय, देवाशेजारी टांगलाय. माझं नाव मशीननं छापलेलं पहिल्यांदाच बघितलं!"

"अहो, पण तो इथे दाखवायला आणायचा होता!"

मुनियप्पांनी जरा विचार केला. "भिंतीवरून काढायला बरं वाटत नाही, साहेब. तुम्हीच या की घरी. जेवूनच जा!"

साहेब खरंच गेले. मुद्दे-सारू, म्हणजे नाचणीचे गोळे आणि आमटी, जेवून आले आणि नवी शुगर त्या फ्रेमच्या काचेवर स्केचपेननं लिहून आले.

* * *

मग लक्षात आलं की निम्म्या पेशंटांना वाचताच येत नाही. साहेबांनी चित्रांचं कार्ड काढायचं ठरवलं. आणि त्या कार्डाची परीक्षा कुणावर? माझ्यावर!

"अण्णांना कळलं की सगळ्यांना कळलं," असं ते सगळ्यांसमोर म्हणायचे. दुसऱ्या कुणाला राग आला असता. मला शाळेत कधी कुणी पहिला प्रश्न विचारला नव्हता. मी शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून जायला लागलो.

पहिल्या कार्डावर सकाळच्या गोळीशेजारी अर्धा सूर्य होता. साहेब म्हणाले, "काय कळतंय?"

मी बराच वेळ बघितलं. म्हटलं, "साहेब, हा उगवतोय की मावळतोय?"

साहेब खुर्चीत मागे टेकले. फिलोमिना सिस्टर म्हणाली, "उगवतोय." मॅडम म्हणाल्या, "मला मावळताना दिसतोय." तासभर तेच चाललं होतं! शेवटी साहेबांनी सूर्य खोडला आणि तिथे कोंबडा काढला. तुरा, शेपटी, सगळं झकास.

कार्ड छापून वाटलं. तिसऱ्या दिवशी पेठेतले एक कापडाचे व्यापारी लालबुंद होऊन आले. घरात कांदासुद्धा न खाणारे. कार्ड मॅडमच्या टेबलावर ठेवलं, तेही रुमालात धरून.

"मॅडम, मरण आलं तरी चालेल! पण मी सकाळी उठून कोंबडी खाणार नाही!"

* * *

कोंबडा गेला. त्या जागी काय काढायचं? साहेब म्हणाले, "अण्णा, तुमची सकाळ कशानं होते?"

मी म्हटलं, "कॉफीनं."

झालं! कॉफीचा पेला आणि खालची वाटी, वर वाफ. बेंगळुरात हे चित्र दगडालासुद्धा कळेल. सगळ्यांना कळलंही. महिन्याभरात निम्म्या पेशंटांची शुगर चढली. सिस्टर एका बाईंवर ओरडली, तर त्यांनी कार्ड तिच्या नाकासमोर धरलं.

"मी तर सोडली होती हो कॉफी! डॉक्टरांनीच लिहून दिलीय. हे बघा, गोळीच्या आधी!"

* * *

तेव्हा घरच्या घरी रक्त तपासायची यंत्रं आमच्या लोकांकडे नव्हती. लघवी तपासायची. नळीत निळं औषध, त्यात काही थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर गरम करायचं. निळंच राहिलं तर छान. हिरवं, पिवळं, आणि विटकरी झालं तर साखर फार. कार्डाच्या मागे रोजचा एक चौकोन होता. जो रंग येईल तो खडूनं भरायचा.

एका सोनाराच्या बायकोचं कार्ड आलं. सोमवार निळा, मंगळवार विटकरी, बुधवार हिरवा, गुरुवार परत निळा, शुक्रवार विटकरी. मॅडमनी गोळी वाढवली. पुढच्या महिन्यात तसंच! गोळी कमी केली. तसंच! मॅडमना झोप लागेना. साहेबांनी कॉम्प्युटरवर आलेख काढला, तो कारखान्यातल्या मित्रांना दाखवला. त्यांनी सांगितलं, यात काहीतरी मोठा शोध आहे!

शेवटी मॅडमनी सोनाराच्या बायकोला समोर बसवलं. "अक्का, खरं सांगा. मंगळवारी काय खाता?"

"मी मंगळवारी कुठे तपासते? मंगळवार सासूबाईंचा."

"म्हणजे?"

"सोमवार माझा, मंगळवार सासूबाईंचा, बुधवार ह्यांचा. सगळ्यांनाच शुगर आहे ना! एका घराला एकच कार्ड. रेशनला असतं की!"

साहेबांनी तो आलेख घडी करून खिशात ठेवला.

* * *

माझ्या बायकोलाही शुगर होती. तिचं नाव रुक्मिणी. मी दवाखान्यात काम करतो म्हणून आधी तिला औषध मिळालं असेल, असं लोकांना वाटतं. उलट झालं. तिनं पाच-सहा वर्षं कळूच दिलं नाही. काही विचारलं की तिचं एकच उत्तर होतं, "बरं आहे." पाय दुखतोय का? "बरं आहे." डोकं फिरतंय का? "बरं आहे." मला आयुष्यात फार काही नको होतं. कुठे दुखतंय, ते तिनं एकदा मला सांगावं, एवढंच वाटायचं.

कॉफीचं कार्ड सुधारून नवं कार्ड आलं, तेव्हा मी पहिलं तिच्याकडे नेलं. खिडकीशी बसवलं, हातात दिलं.

तिनं ते जवळ धरलं. मग लांब धरलं. मान हलवून म्हणाली, "छान काढलंय हो तुमच्या साहेबांनी."

कार्ड उलटं होतं.

मी ते हळूच तिच्या हातातून घेतलं आणि म्हटलं, "हो, छान आहे."

शनिवारी साहेबांना सांगितलं. त्यांच्या हातात तेव्हा पाचशे कार्डांचा गठ्ठा होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला, चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "अक्कांना ऐकू येतं ना चांगलं?"

"गल्लीच्या टोकाला भाजीवाला आला तरी कळतं."

पुढच्या शनिवारी ते टेपरेकॉर्डर घेऊन आले.

* * *

कॅसेटची योजना अशी. ए बाजूला दवाखान्याचं बोलणं. गोळी केव्हा, पाय कसे धुवायचे, काय खायचं. पेशंटनं घरी लावून ऐकायचं. टेप कुणाकडे नसला तरी शेजारी असायचाच. बी बाजूला पेशंटनं बोलायचं. महिनाभरात काय झालं, काय दुखलं, ते सांगायचं आणि कॅसेट परत आणायची. मॅडम ऐकणार, नवी कॅसेट देणार, जुनी पुसून दुसऱ्याला.

आता ए बाजूला आवाज कुणाचा?

मॅडम बोलल्या, तर मिनिटात सगळं संपलं. मेल गाडीच! जोगळेकर साहेबांनी कानडी बोलून बघितलं, तर सिस्टर तोंडावर पदर धरून बाहेर गेली. सिस्टर बोलली, तर ऐकायला बसवलेले एक पेशंट म्हणाले, "टेपमधूनच सुई टोचेल असं वाटतं!"

मग साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी बोललो. नेहमीसारखा, एकेक शब्द. मॅडम म्हणाल्या, "स्वल्प फास्ट, अण्णा?"

साहेब ओरडले, "नको नको! असंच पाहिजे! अण्णांचं एक वाक्य होईपर्यंत पेशंट गोळी शोधतो, पाणी आणतो, गिळतो आणि परत येऊन बसतो!"

असा मी डॉक्टर झालो. कानडीतून बोललो, मराठी घरांसाठी मराठीतून बोललो. बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात तर जेवणाच्या सुट्टीत दहा-बारा कामगार माझा आवाज लावून जेवायचे.

एकदा मी घरी डबा घासत होतो. रुक्मिणीनं माझीच कॅसेट लावली होती. मी आतून म्हटलं, "अगं, पाय पुसलेस का? बोटांच्या मधे कोरडं कर."

तिनं जोरात हात केला. "तुम्ही गप्प बसा जरा! डॉक्टर बोलतायत!"

* * *

बी बाजूचा नियम मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितला. "ही बाजू मी ऐकणार आणि पेशंटचा देव ऐकणार. नवऱ्यानं नाही, सुनेनं नाही, सिस्टरनं नाही, अण्णांनी नाही!" त्या जेवणाच्या सुट्टीत दार लावून ऐकायच्या. ताक पीत, हातात पेन्सिल.

येलहंकाचे एक निवृत्त स्टेशन मास्तर होते. त्यांची कॅसेट लावली की मॅडम बाहेरच यायच्या नाहीत. ताक संपायचं, घंटा व्हायची, पेशंट ताटकळायचे. एकदा मॅडमनीच मास्तरांना सगळ्यांसमोर विचारलं, "तुमची तब्येत दोन मिनिटांत संपते. पुढे अठ्ठावीस मिनिटं पुरंदरदासांची पदं कशाला?"

मास्तर संकोचले. "सौभाग्यवती म्हणाली, लोकांचं भांडं रिकामं परत देऊ नये."

* * *

आमच्या घरी बी बाजू भरायची म्हणजे मला बाहेर जावं लागायचं.

"जा हो तुम्ही. मला डॉक्टरांशी बोलायचंय."

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचो. वरून नुसती गुणगुण यायची, शब्द नाहीत. कधी पाच मिनिटं, कधी वीस. मला म्हणायची "बरं आहे," दोन शब्द. आणि टेपशी वीस मिनिटं! खालच्या मजल्यावरच्या अक्का विचारायच्या, "काय अण्णा, घरातून काढलं का?" मी म्हणायचो, "नाही हो, आत तपासणी चालू आहे."

खोटं कशाला बोलू, टेपचा मला जरा हेवा वाटायचा. पण बरंही वाटायचं. कुणाला का होईना, सांगते आहे.

ती कॅसेट महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी माझ्याच पिशवीतून दवाखान्यात जायची. रेकॉर्ड रूममध्ये टेप होता. दार लावता येत होतं. एका गुरुवारी मी ती टेपमध्ये घातलीसुद्धा. बटणावर बोट ठेवलं.

आणि मलाच माझा आवाज आठवला. ए बाजूच्या शेवटी मीच म्हणत होतो, "दुसऱ्या बाजूला मोकळेपणानं बोला. दुसरं कुणी ऐकणार नाही."

कॅसेट काढली, मॅडमच्या टेबलावर ठेवून आलो.

* * *

आता शेवटचा. हा मी कट्ट्यावर सांगत नाही.

एका गुरुवारी जेवणाची सुट्टी संपली आणि मॅडमनी आतून हाक मारली. "अण्णा, शर्ट काढा."

"कशाला, मॅडम?"

"स्टाफचं चेकिंग. नवा नियम आहे."

छाती तपासली, बीपी बघितलं. मग विचारलं, "तुमच्या घराच्या जिन्याला पायऱ्या किती?" मी म्हटलं, मोजल्या नाहीत. त्यांनी एक गोळी लिहून दिली. पुढच्या महिन्यात पुन्हा गुरुवारी, "अण्णा, शर्ट काढा." त्या वेळी विचारलं, "सकाळी काय खाल्लंत? खरं सांगा." असं दर महिन्याला सुरू झालं.

मी सिस्टरला विचारलं, "तुम्हालाही तपासतात का?"

"मला?" सिस्टर म्हणाली. "इतकी वर्षं झाली, मला इथे कुणी जेवलीस का म्हणूनसुद्धा विचारलं नाही!"

मला वाटलं, मी वयानं मोठा, म्हणून असेल.

पुढच्या दिवाळीआधी रुक्मिणी गेली. मूत्रपिंडं थकली होती. शेवटच्या दिवशी विचारलं तेव्हाही म्हणाली, "बरं आहे."

तिचं तेरावं झाल्यावर मी कामावर गेलो. मॅडमनी खणातून सात कॅसेट काढल्या. ड्रेसिंगच्या पट्टीनं नीट बांधलेल्या.

"ह्या पुसायला दिल्या नाहीत मी. घरी न्या, अण्णा."

"पण नियम, मॅडम?"

"असू दे, नियम मीच केला होता ना? न्या."

कितीतरी दिवस त्या फळीवर होत्या. मग एका दुपारी खिडकी लावून घेतली आणि पहिली घातली. ती कानडीत बोलत होती, डॉक्टरांशी बोलायचं म्हणून. घरात आम्ही कायम मराठी. म्हणून पहिल्यांदा कुणी परकी बाई बोलतेय असंच वाटलं. मग ती खाकरली आणि ओळख पटली.

"मॅडम, नमस्कार. मी रुक्मिणी. मला बरं आहे. आता ह्यांचं सांगते."

मी टेप थांबवला. पाणी प्यालो. परत लावला.

"जिना चढताना दुसऱ्या वळणावर थांबतात. विचारलं तर म्हणतात, रस्ता बघत होतो. मला दिसत नाही, मॅडम, पण पायऱ्या ऐकू येतात. पूर्वी थांबत नव्हते. माझं खाणं होईपर्यंत स्वतः काही खात नाहीत आणि मग तसेच बस गाठायला पळतात. संध्याकाळी डबा हातात घेतला की अर्धा भरलेला असतो, वजनावरून कळतं. तुमच्या साहेबांच्या शनिवारी मात्र खुशीत असतात. शर्ट दोनदा इस्त्री करतात..."

सातही कॅसेट ऐकल्या. दोन दिवस लागले. स्वतःबद्दल प्रत्येकीत तेच एक वाक्य. बाकी सगळा मी.

सातवीत ती जरा दमलेली होती. बोलता बोलता थांबत होती. शेवटी टेपच्या अगदी जवळ आली असावी, कारण तिचा श्वास ऐकू येत होता.

"गोळी द्या त्यांना, मॅडम. पण मी सांगितलं म्हणून सांगू नका हं. ते समजतात, तेच मला सांभाळतायत."